चाकांचा आधार

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याने निघाले, की दापोडी आणि फुगेवाडी मागे टाकल्यावर कासारवाडी लागते. एके काळचे हे लहानसे गाव आज पिंपरी-चिंचवड शहराचा एक भाग होऊन गेले आहे. एका अंगाला पवना नदी, दुसऱ्या अंगाला भोसरीकडचे कारखाने, मधून लोहमार्ग व महामार्ग, आणि २०२२ सालापासून उंच खांबांवरून धावणारी मेट्रो, असा या ठिकाणाचा थाट आहे. जवळच्या नाशिक फाट्यावरून नाशिककडे जाणारा रस्ता फुटतो. आषाढीच्या सुमारास देहूहून निघालेली श्रीतुकाराम महाराजांची पालखी याच रस्त्याने पुण्यात जाते. त्या दिवशी रस्ता पायी चालणाऱ्यांचा असतो. एरवी मात्र तो मालमोटारी, बसगाड्या आणि दुचाक्या यांचा असतो. कारखान्यांच्या पाळ्या सुटतात आणि भरतात, त्यामुळे रात्रीही येथील चाके थांबत नाहीत.

अशा वस्तीत माणसांबरोबर आणखी एक रहिवासी असतो. कारखान्याच्या फाटकाशी, चहाच्या टपरीपाशी, पुलाच्या सावलीत तो तुम्हांला हटकून दिसेल. तो म्हणजे गावठी कुत्रा. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला त्याची सोबत वाटते, आणि डब्यातली उरलेली पोळी त्याच्या वाट्याला येते. परंतु अन्न रस्त्याच्या एका बाजूला आणि निवारा दुसऱ्या बाजूला, अशी त्याची स्थिती असल्यामुळे दिवसातून अनेक वेळा त्याला हा वाहता रस्ता ओलांडावा लागतो. वेगाने येणाऱ्या वाहनाचे अंतर त्याला नीट उमगत नाही. मग एखादे दिवशी धक्का बसतो, आणि जो प्राणी क्षणापूर्वी चार पायांनी पळत होता, तो पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत कडेला जातो. मागचे पाय त्याच्यामागून फरफटत येतात.

असे का होते, हे समजण्यासाठी कुत्र्याच्या पाठीची रचना पाहिली पाहिजे. त्याचा पाठीचा कणा मणक्यांचा बनलेला असतो. मानेत ७, छातीच्या भागात १३ आणि कमरेत ७ मणके असतात; त्यापुढे माकडहाडाजवळ ३ मणके एकमेकांस जुळून एक झालेले असतात, आणि शेवटी शेपटीचे मणके येतात. प्रत्येक मण्याला जसे भोक असावे तशी मणक्यांमध्ये पोकळी असते. त्या पोकळीतून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू जातो. मेंदूची आज्ञा याच मार्गाने पायांना पोहोचते, आणि पायाला काटा बोचल्याची वार्ता याच मार्गाने मेंदूकडे परत येते. पुढच्या पायांचे मज्जातंतू मानेच्या खालच्या टोकाशी या रज्जूतून बाहेर पडतात. मागच्या पायांचे मज्जातंतू कमरेपाशी पडतात. म्हणून पाठीच्या मध्यावर किंवा कमरेवर आघात झाला आणि तेथे रज्जू चेंगरला, की पुढचे पाय शाबूत राहतात आणि मागचे मात्र लुळे पडतात. पाय मोडलेले नसतात. त्यांच्यापर्यंत निरोप जाणारी वाट तुटलेली असते.

ही वाट तुटण्यास अपघातच लागतो असे नाही. दोन मणक्यांच्या मधे मऊ चकती असते. ती सरकून किंवा फुटून रज्जूवर दाबू लागली, तरी पाय लुळे पडतात. लांब पाठीच्या आणि आखूड पायांच्या डॅशहुंड जातीच्या कुत्र्यांत हा विकार पुष्कळ आढळतो. पिल्लांना होणारा डिस्टेंपर नावाचा साथीचा रोग मज्जासंस्थेवर घाला घालतो. त्याच्यावर प्रतिबंधक लस आहे. काही कुत्र्यांचा मज्जारज्जू म्हातारपणी हळूहळू झिजत जातो.

परंतु पाय लुळे पडले म्हणजे ते कायमचेच गेले, असे समजू नये. रज्जूभोवती केवळ सूज असेल, तर विश्रांतीने व औषधाने ती ओसरते आणि पाय पुन्हा हलू लागतात. सरकलेली चकती शस्त्रक्रियेने काढता येते. कमरेचे हाड मोडले असेल, तर ते काही आठवड्यांच्या सक्तीच्या विश्रांतीने जुळण्याचाही संभव असतो. म्हणून पशुवैद्य प्रथम क्ष-किरणांनी चित्र घेतात आणि पायाच्या बोटांत वेदना जाणवते की नाही, हे तपासतात. खोल वेदना जाणवत असेल, तर सुधारण्याची आशा अधिक असते. ही परीक्षा वैद्यांनीच करावयाची असते. आपण ती करू नये.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. जखमी कुत्रा भ्यालेला असतो आणि त्याच्या अंगात कळा उठत असतात. ओळखीचा कुत्राही अशा वेळी चावतो. म्हणून मुलांनी त्याला उचलण्यास धावू नये. मोठ्या माणसांना बोलवावे, आणि जमल्यास येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांना दुरूनच खूण करावी. मोठ्यांनीही त्याला पायांना धरून ओढू नये. पाठीचा कणा वाकणार नाही अशा बेताने त्याला सपाट फळीवर किंवा ताणून धरलेल्या घोंगडीवर सरकवून न्यावे. चुकून चावा बसलाच, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यावी. हा रोग जडला म्हणजे त्यावर उपाय राहत नाही. वेळीच घेतलेली लस मात्र प्राण वाचवते.

आता असे समजा, की उपचार झाले, जखमा भरल्या, परंतु मागचे पाय काही परत आले नाहीत. तरी कुत्रा स्वस्थ पडून राहत नाही. पुढच्या पायांवर जोर देऊन तो स्वतःला ओढू लागतो. डांबरी रस्त्यावर किंवा फरशीवर त्याच्या मांड्या व पावले घासली जातात, कातडी सोलते, आणि तेथे वेदना होत नसल्यामुळे त्याला त्याचे भानही राहत नाही. पुढे त्या जखमा चिघळतात व त्यांत किडे पडतात. बांधून ठेवावे, तर एकाच कुशीवर पडून अंगाला फोड येतात आणि स्नायू वाळत जातात. ओढत चालणे व पडून राहणे, या दोन्ही वाटा अशा रीतीने वाईटच. या पेचातून सुटण्यासाठी माणसाने तिसरी वाट शोधून काढली. ती म्हणजे चाकांची गाडी.

ही कल्पना प्रथम माणसांसाठीच साकार झाली. जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ राहणाऱ्या स्टेफान फार्फ्लर नावाच्या पायांनी अधू असलेल्या घड्याळजीने १६५५ साली स्वतःसाठी तीन चाकांची, हातांनी फिरवून चालवावयाची गाडी बनवली. अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट यांची खाणीतील अपघातात पाठ मोडली होती. त्यांनी आणि त्यांचे अभियंते मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३ साली पोलादी नळ्यांची, घडी घालता येणारी चाकाची खुर्ची तयार केली. आपल्या पुण्यातही युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली कृत्रिम अवयव केंद्र निघाले. माणसांसाठी जे साधले, ते प्राण्यांसाठी का साधू नये? अमेरिकेतील लिंकन पार्क्स नावाच्या पशुवैद्यांनी १९६० नंतरच्या दशकात अधू कुत्र्यांसाठी चाकगाड्या बनवण्याचे काम हाती घेतले. पुढे ही कला देशोदेशी पसरली.

चाकाची खुर्ची असे आपण म्हणतो खरे. परंतु कुत्रा हिच्यात बसत नाही, तो उभाच असतो. गाडीची रचना साधी असते. कुत्र्याच्या दोन्ही कुशींना समांतर अशा दोन हलक्या दांड्या असतात, आणि मागे त्या एकमेकींस जोडलेल्या असतात. मागच्या बाजूस दोन चाके असतात. मांड्यांच्या मधे एक मऊ खोगीर असते. कंबर त्यावर टेकते. छातीभोवती व खांद्यांवरून पट्टे जातात, त्यामुळे पुढचे पाय चालू लागले की गाडी आपोआप मागून येते. मागच्या पायांत काहीच बळ नसेल, तर घोडेस्वाराच्या रिकिबीसारख्या दोन फासांत पावले अडकवून ती जमिनीपासून उचललेली ठेवतात. पायांत थोडी हालचाल उरली असेल, तर मात्र पावले जमिनीला हलकेच टेकू देतात. त्यामुळे चालण्याचा सराव होतो व पायांत शक्ती परत येण्यास मदत होते.

कुत्र्याला ही गाडी मानवते याचे एक कारण त्याच्या देहाच्या तोलात आहे. उभ्या कुत्र्याचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर आणि ४० टक्के मागच्या पायांवर असतो. कुत्रा २० किलोचा असेल, तर सुमारे १२ किलो भार पुढचे पाय आधीपासूनच पेलत असतात. उरलेला ८ किलोंचा भार चाकांनी घेतला, की पुढच्या पायांना पूर्वीपेक्षा फारसे अधिक कष्ट पडत नाहीत.

मात्र चाके योग्य जागी हवीत. तराजूची दांडी ज्या काट्यावर तोललेली असते, त्या काट्याचे काम येथे चाकांचा आस करतो. आस फार मागे गेला, तर गाडीचे ओझे खांद्यांवर येते आणि कुत्रा लवकर दमतो. तो फार पुढे आला, तर गाडी मागे कलते आणि पुढचे पाय जमिनीवरून सुटू लागतात. म्हणून आस साधारणपणे कमरेच्या सांध्याच्या खाली ठेवतात व थोडा पुढे-मागे सरकवून तोल साधतात. खांद्यावरचा पट्टा एका बोटाने सहज उचलता आला, तर तोल साधला असे समजावे. उंचीही अशी हवी, की पाठ सरळ आडवी राहील. कंबर वर चढली किंवा खाली लोंबली, तर आधीच दुखावलेल्या कण्यावर ताण पडतो.

यावरून मापाचे महत्त्व ध्यानात येईल. कुत्र्याला कोणीतरी उभे धरावे लागते आणि जमिनीपासून मांडीच्या सांध्यापर्यंतची उंची, छातीपासून शेपटीच्या बुंध्यापर्यंतची लांबी आणि कमरेची रुंदी मोजावी लागते. वजनही करावे लागते. एका कुत्र्याची गाडी दुसऱ्याला क्वचितच बेताची बसते. पट्टा एक बोटभर सैल असला तर कातडी घासते, आणि घट्ट असला तर श्वास अडतो.

गाडीसाठी दुर्मिळ वस्तू लागतात असे नाही. ॲल्युमिनियमच्या नळ्या हलक्या व गंजमुक्त म्हणून उत्तम. नळकामात वापरल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या आणि त्यांचे कोपरजोड घेऊनही लहान कुत्र्यापुरती गाडी उभी करता येते. लहान मुलांच्या बाबागाडीची चाके, पिशव्यांचे रुंद पट्टे, अंगाला टोचू नये म्हणून स्पंजाचे वेष्टण, एवढ्यावर काम भागते. नळी वाकवणे, भोक पाडणे, सांधा जोडणे आणि चाकाचा आस सरळ बसवणे ही कामे तर कासारवाडी, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात नित्याचीच आहेत. येथील किती तरी मुलांचे आईवडील हीच कामे करून संसार चालवतात. कासारवाडीच्या नावातला कासारही धातूचे काम करणारा कारागीरच. ज्या चाकांच्या वर्दळीत कुत्र्याचे पाय जातात, त्याच चाकांच्या विद्येतून त्याला पुन्हा चालता येते.

गाडी तयार झाली म्हणजे काम संपले असे मात्र नव्हे. खरे काम तेथून पुढे सुरू होते. पहिल्या दिवशी गाडी बांधली, की पुष्कळ कुत्री थिजल्यासारखी उभी राहतात. मागून येणारी ही वस्तू काय आहे, हे त्यांना कळत नाही. अशा वेळी सपाट मोकळ्या जागेत, आवडीचा घास पुढे धरून, त्याला दोन पावले चालवावे. पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटे पुरे; मग रोज थोडे वाढवीत जावे. काहींना लगेच साधते, काहींना काही आठवडे लागतात. एकदा साधले, की वळणे घेणे, वास घेत हिंडणे, हाकेसरशी धावत येणे, हे सारे ती करू लागतात.

गाडीत असताना कुत्र्याला आडवे होता येत नाही, म्हणून फिरणे झाले की ती काढावी लागते. गाडीवर त्याला कधीही एकटे सोडू नये. उंबरठा, पायरी किंवा उघडे गटार आले, की गाडी उलटण्याचे भय असते. रज्जूला इजा झालेल्या कित्येक कुत्र्यांना लघवीवर ताबा राहत नाही किंवा ती आपोआप होतच नाही. त्यांचे मूत्राशय दिवसातून तीन-चार वेळा हाताने हळुवार दाबून रिकामे करावे लागते. ही रीत पशुवैद्यांकडून शिकावी लागते. यात हयगय झाली, तर मूत्रपिंडाचा आजार होऊन कुत्रा दगावतो. अंग पुसून कोरडे ठेवणे, मऊ अंथरूण घालणे, काही तासांनी कूस बदलणे, पट्ट्यांखालची कातडी रोज पाहणे, ही कामे वेगळीच. सण असो की परीक्षा असो, त्यांना सुट्टी नाही.

म्हणूनच रस्त्यावरच्या कुत्र्याला गाडी बांधून पुन्हा रस्त्यावर सोडता येत नाही. त्याला घर लागते, नाहीतर आश्रयस्थान लागते. अधू प्राण्याचा प्रश्न येथेच खरा कठीण होतो. गाडी काही दिवसांत बनते. परंतु तिच्यासोबत पुढे अनेक वर्षे राहणारा माणूस मिळावा लागतो. सर्वच कुत्र्यांना गाडी उपयोगी पडते असेही नाही. पुढचे पाय दुबळे असले, तर चार चाकांची गाडी लागते. कोणाच्या वेदना इतक्या अनावर असतात, की गाडीने सुख होण्याऐवजी छळच होईल. अशा वेळी प्राण्याचे हित कशात आहे, याचा निर्णय वैद्य व पालक यांनी मिळून जड मनाने घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात प्राण्यांच्या शुश्रूषेची परंपरा जुनी आहे. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय १८८३ साली स्थापन झाले, आणि १८८६ साली त्याच्याजवळच मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुण्यात नेहा पंचमिया यांनी २००७ साली रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. रस्त्यावरच्या जखमी व आजारी प्राण्यांना उचलून आणून त्यांच्यावर उपचार करणे हे तिचे कार्य. प्राण्यांना निष्ठुरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा देशात १९६० साली झाला. १९७६ साली आपल्या संविधानात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली. सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे त्यांपैकी एक आहे.

कोणी म्हणेल, माणसांचीच दुःखे इतकी आहेत, मग कुत्र्यासाठी हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तरही आहे. कुत्रा हा आपण होऊन आपल्या रस्त्यावर आलेला परका प्राणी नव्हे. हजारो वर्षांपूर्वी माणसाने त्याला रानातून आपल्या शेकोटीजवळ आणले, शिकारीला व राखणीला जोडीला घेतले. पुढे रस्ते आपण बांधले आणि वाहनेही आपणच आणली. त्या वाहनांनी त्याची पाठ मोडली, तर तिचा काही भार आपल्यावर येतोच. शिवाय एकाची सेवा केल्याने दुसऱ्याच्या वाट्याची सेवा कमी होते असेही नाही. अधू कुत्र्याची कूस न विसरता बदलणाऱ्या मुलाला घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या आजीचीही कूस कशी बदलावी, हे शिकवावे लागत नाही.

नामदेवांची कथा तुम्ही ऐकलीच असेल. कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा नामदेव काठी घेऊन नव्हे, तर तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले; कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, एवढीच त्यांना काळजी. समोरच्या जिवाला नेमके काय उणे आहे हे पाहणे आणि तेवढे पुरे करण्यासाठी उठणे, हा त्या कथेचा अर्थ आहे. अधू कुत्र्याला दोन पाय उणे असतात. ते परत देणे आपल्या हाती नसते; परंतु अचूक मापाची गाडी आणि तिच्यासोबत रोज न चुकता येणारा माणूस, एवढे देणे आपल्या हाती निश्चित असते. यांपैकी पहिली गोष्ट कारखान्यात घडते. दुसरी घडवण्यास कारखाना लागत नाही. ती तुमच्या वयापासूनच घडू लागते.